मधला मजला, दक्षिणेचं ऊन

सत्तावीस वर्षं मी इझमीरमध्ये घरं दाखवतोय.
किल्ल्यांच्या जुडग्यानं खिशाचं अस्तर फाटतं,
बायकोनं ते चारदा शिवून दिलंय.
आणि सत्तावीस वर्षं माणसं
दार उघडायच्या आधीच सांगतात:
मधला मजला, दक्षिणेचं ऊन.

वरचा नको, छत गळतं.
तळाचा नको, चोर येतात.
मधला म्हणजे पावातलं चीज,
दोन्हीकडून ऊब.

भाडं म्हणजे पाण्यात टाकलेला पैसा,
हे त्यांना वडिलांनी सांगितलेलं असतं.
जमीन कधी खाली येत नाही,
हेही वडिलांनीच.
वडील भावाबद्दल बोलत होते.
आमच्या गावात जमीन
दोन्ही अर्थांनी खाली येते.

त्या ऑक्टोबरच्या भूकंपानंतर वर्षभर
सगळ्यांनी खांबांची चौकशी केली.
मग पुन्हा स्वयंपाकघराचे खण.

परवा तुलाय आणि ओरचुन आले,
सोबत मनिसाची मावशी, मेसेर्रेत.
तुलायनं एक खण ओढला, सोडला.
तो आपला आपण मिटला, हळू, बिनआवाज.
त्या हळू मिटण्यावर मी आजवर किती घरं विकली
ते मोजायची लाज वाटते.
ओरचुननं बाल्कनीत फोनमधलं होकायंत्र धरलं.
दक्षिण निघाली.
तोंड असं केलं
की सूर्य यानंच बसवून घेतलाय.

"इमारत नवी आहे ना?"
नवी म्हणजे मजबूत, हे प्रश्नातच होतं.
मी म्हटलं, "रंग मार्चमधला."
खोटं नव्हतं.
आमच्या धंद्यात खोटं फारसं लागत नाही.
समोरच्याला जे पक्कं ठाऊक असतं
त्याच्याआड गुपचूप उभं राहायचं, बस.

मावशीनं बोटाचं पेर वाकवून भिंत वाजवली,
बाजारात कलिंगड वाजवतात तशी,
कान लावून.
टक. टक.
जरा सरकून, टक.
"भरीव आहे," म्हणाली.
दोघं निर्धास्त हसली.

भिंत भरीवच होती, मावशी.
पण घर तिच्यावर उभं नसतं.
ती फक्त शेजाऱ्याचा टीव्ही अडवते.

खाली तीन वर्षांपूर्वीपर्यंत बेद्रीचं चहाचं दुकान होतं,
मधोमध एक खांब.
म्हातारे त्याला पाठ टेकून सोंगट्या खेळायचे,
चहा नेणारा पोरगा त्याला वळसा घालताना शिव्या द्यायचा.
मग सोफेवाला आला. त्याला मांडायला जागा हवी होती.
आता जागा ऐसपैस.
खांब शोभेचाच होता, असं सोफेवाला म्हणतो.
तीन वर्षं मीही
तेच म्हणत आलोय.

जिना उतरताना तुलाय म्हणाली,
"सोफा इथूनच घेऊ. किती मोकळं दुकान!"

का कोण जाणे, मी थांबलो.
मावशीचा गुडघ्यावरचा हात दिसला म्हणून असेल,
किंवा खिशाचं अस्तर पुन्हा उसवलं होतं म्हणून.
"ओरचुन बे," म्हटलं, "हे घर घेऊ नका.
आधी एखादा इंजिनियर आणा. खाली बघायला सांगा.
वर नाही. खाली."

तो माझ्याकडे बघत राहिला.
मग बायकोच्या कानाशी लागला,
पण जिन्यात आवाज घुमतो:
दलाल नको म्हणतोय,
म्हणजे दुसरं गिऱ्हाईक आलंय.
आणि मोठ्यानं म्हणाला,
"पन्नास हजार लिरा वाढवतो. आजच सही."

मी तोंड उघडलं.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा खरं बोललो होतो
आणि त्यानं घराचा भाव वाढला होता.

मावशी तोवर दुकानात शिरली होती.
सोफ्यांमधून वाट काढत मधोमध गेली.
तिथं चार फरशा बाकीच्यांहून उजळ आहेत,
मिळून एक चौकोन.
तिनं आधी चपलेचं टोक त्यावर ठेवलं,
मग पाय मागे घेतला,
आणि मान वर करून
छताकडे बघत राहिली.